साचा कुणाच्या मापाचा?

रायफलच्या नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी कोरलेली जागा असते, तिला चेंबर म्हणतात. काडतूस आत सहज सरकावं म्हणून ते चेंबरपेक्षा किंचित लहान बनवतात. चाप ओढला की आतली दारू पेटून तिचा गॅस होतो, पितळेची पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. गॅस मागे, नेमबाजाच्या तोंडावर येत नाही, तो या फुगण्यामुळेच. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर ओढता येते. पण ती आपल्या जुन्या मापावर परत जात नाही. बाहेर आलेली पुंगळी म्हणजे त्या एका रायफलच्या चेंबरचा पितळेत उमटलेला ठसा असतो. तेच मॉडेल, तोच कारखाना, पण शेजारची रायफल घेतली तर ठसा वेगळा.

आता ही पुंगळी पुन्हा वापरायची आहे. तिच्यात नवा प्राइमर, नवी दारू आणि नवी गोळी भरायची आहे. त्यासाठी तिला आधी लहान करावं लागतं, निदान मानेपाशी तरी, नाहीतर गोळी आत धरून राहणार नाही. हे लहान करण्याचं काम करतं ते एक पोलादी भोक. त्याला डाय म्हणतात. पुंगळी तिच्यात दाबायची आणि बाहेर काढायची, एवढाच तो प्रकार. प्रश्न असा की ती किती लहान करायची? कारखान्यातून आली होती तेवढी, की माझ्या रायफलला लागेल तेवढीच?

या प्रश्नावर अमेरिकेत दीडशे वर्षं वाद चालू आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि कॉलेजात एनसीसीत .२२ रायफलने झाडलेल्या मोजक्या गोळ्या, एवढाच माझा अनुभव. .२२ ची पुंगळी पुन्हा भरताही येत नाही, कारण तिचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि आघाताने ती कड चेपली जाते. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो, त्यामुळे संध्याकाळी टेबलावर बसून काडतुसं भरण्याचा छंद इथे रुजलेला नाही. तरीही हा वाद मला आपला वाटतो. सगळ्यांसाठी एक प्रमाण माप आणि एकट्यासाठी नेमकं माप, यांतली ओढाताण आपण रोज बघतो. रायफलवाल्यांनी ती हजारांश इंचात मोजली आणि बराच काळ चुकीचं उत्तर बरोबर मानलं. ते कसं, याची ही गोष्ट.

दोन उलटसुलट माणसं

ठासणीच्या बंदुकीत हा प्रश्नच नव्हता. दारू किती घालायची, गोळी कशी बसवायची, हे बंदूकवाल्याच्या हातात. पुढे सैन्यांनी दारू आणि गोळी मोजून कागदी नळीत बांधायला सुरुवात केली. १८५७ च्या जानेवारीत डमडमला ज्या काडतुसांवरून कुजबूज सुरू झाली, ती एनफिल्डची काडतुसं अशीच कागदाची होती. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. माप कारखान्याचं, भरणं हाताचं.

मग धातूचं काडतूस आलं. १८६६ साली ब्रिटिशांनी जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या युक्तीने एनफिल्ड बंदुका मागून भरता येतील अशा करायला घेतल्या. त्यासाठी वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर याने पितळी काडतूस तयार केलं. त्याच वर्षी अमेरिकेत हायरम बर्डन याने आपल्या प्राइमरचं पेटंट घेतलं. हा बर्डन म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाजांच्या तुकडीचं नेतृत्व करणारा अधिकारी.

दोघांच्या प्राइमरमध्ये फरक लहानसा आहे, पण डायची सगळी कथा त्यावर उभी आहे. प्राइमरमधला मसाला पेटण्यासाठी तो दोन धातूंमध्ये चिरडावा लागतो. मागून घाव घालते फायरिंग पिन, आणि पुढून आधार देणारी ऐरण लागते. बॉक्सरने ही ऐरण प्राइमरमध्येच ठेवली, त्यामुळे पुंगळीच्या बुडात मधोमध एकच भोक पुरलं. बर्डनने ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग केली, म्हणून ठिणगी जाण्यासाठी तिच्या आजूबाजूला, सहसा दोन, भोकं पाडावी लागली.

पुंगळी कारखान्यात स्वस्तात बनवायची तर बर्डनची रीत सोयीची. पण वापरलेला प्राइमर काढायचा असेल तर बॉक्सरची रीत फारच सोपी: वरून सरळ एक पिन खाली दाबा, प्राइमर बाहेर. आजच्या रायफलच्या डायमध्ये मधोमध जी सुई असते ती हेच काम करते. गंमत अशी की इंग्रज बॉक्सरचा प्राइमर अमेरिकेने उचलला आणि अमेरिकन बर्डनचा युरोपच्या सैन्यांनी. घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यामागे स्वातंत्र्याच्या मोठ्या गप्पांइतकंच हे एक मधलं भोकही आहे.

एकच पुंगळी

अमेरिकेच्या पश्चिमेकडे काडतूस महाग होतं आणि दुकान लांब होतं. शिकारी रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवत आणि मुक्कामावर पुन्हा भरत. सैन्यालाही सरावासाठी हे स्वस्त पडलं. १८८० च्या दशकात .४५-७० रायफलसाठी पुन्हा भरता येणाऱ्या पुंगळ्या आणि भरायची अवजारं सैनिकी ठाण्यांवर पोचली होती. १८८४ साली जॉन बार्लो याने कनेटिकट राज्यात आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. तिचं मुख्य अवजार सांडशीसारखं होतं: दोन दांडे, मध्ये डाय. खिशात मावणारा कारखानाच तो. त्या अवजारात पुंगळीचं सगळं अंग दाबण्याइतकी ताकद नव्हती, मान तेवढी दाबली जायची. मानेपुरतं दाबण्याच्या परंपरेची सुरुवात अशी तत्त्वातून नव्हे, तर हाताच्या जोराच्या मर्यादेतून झाली.

त्याच काळात अचूकतेचा खरा ध्यास घेतला होता तो शुट्झेन क्लबांनी. जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेच्या शहराशहरांत हे नेमबाजीचे क्लब काढले होते. तिथे उभं राहून दोनशे यार्डांवर नेम धरायचा, मागे बँड, बिअर, बायका-मुलं. या नेमबाजांची पद्धत आज ऐकली तर आश्चर्य वाटतं. दिवसभराच्या स्पर्धेत अनेक जण एकच पुंगळी वापरत. झाडली, काढली, जागेवरच प्राइमर बदलला, दारू ओतली, पुन्हा चेंबरमध्ये. गोळी पुंगळीत बसवलीच जात नसे, ती वेगळी नळीत सरकवत. हॅरी पोप या प्रसिद्ध नळी-कारागिराच्या रायफलींमध्ये ती तोंडाकडून, खास जोडतोंड लावून आत ढकलत. पुंगळीला गोळी धरायचीच नसल्यामुळे ती लहान करायचीही गरज नव्हती. चेंबरचा ठसा घेतलेली पुंगळी पुन्हा त्याच चेंबरमध्ये जात होती. मापाचा प्रश्न त्यांनी असा मुळातच काढून टाकला होता.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन म्हणवणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं आणि हे क्लब ओसरले.

पोपचाच एक मित्र होता डॉ. फ्रँकलिन मान. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा हा डॉक्टर कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं तोडायची यंत्रं बनवून सधन झाला आणि उरलेलं आयुष्य त्याने एका प्रश्नामागे घालवलं: एकाच नळीतून, एकाच मापाच्या दारूने सुटलेल्या दोन गोळ्या एकाच भोकात का जात नाहीत? माणसाचा हात आणि डोळा या हिशेबातून वगळायला त्याने काँक्रीटचा खांब उभारला, त्यावर खाचेत नळी बसवली आणि गोळ्यांच्या वाटेवर कागदाचे पडदे लावले. काही गोळ्यांना त्याने मुद्दाम भोक पाडून त्यांचा तोल बिघडवला आणि त्या किती भरकटतात ते मोजलं. १९०९ साली हे सगळं पुस्तकरूपात आलं. त्याच्या प्रयोगांतून एक गोष्ट ठळक झाली: गोळीचा तोल बिघडला असेल किंवा ती नळीत तिरकी शिरली, तर तिच्यामागे काय मोजून भरलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही. गोळीला तिरकी करायला पुंगळीची वाकडी मान पुरते, आणि मान वाकडी करायला वाईट डाय पुरते.

पावसाळ्यात तडकणारं पितळ

या कथेचा एक धागा भारतात येतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की काडतुसं तबेल्यांमध्ये साठवून ठेवत. पाऊस सरला की कित्येक पुंगळ्या तडकलेल्या निघत, आणि तडे बहुतेक करून मानेपाशी, जिथे पितळ गोळीभोवती आवळलेलं असतं तिथे. पावसाळ्यात तडकतं म्हणून इंग्रजीत या रोगाचं नावच ऋतूवरून पडलं. त्याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि थंड पितळ दाबल्यामुळे त्यात कोंडून राहिलेला ताण, या दोघांनी मिळून पितळ फोडलं होतं. अमोनिया एकटा असता किंवा ताण एकटा असता तर पुंगळी टिकली असती.

उपाय तांबट आळीतल्या कुणालाही सुचला असता. भांडं ठोकत गेलं की धातू ताठर होतो, म्हणून तांबट ते मध्येमध्ये भट्टीत तापवून मऊ करून घेतो. पुंगळीची मानही अशीच तापवली की आतला ताण निघून जातो. आज लष्करी आणि उत्तम दर्जाच्या पुंगळ्यांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो या तापवण्याचा असतो.

पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, म्हणजे पितळ दाबून काडतूस करण्याची विद्या आपल्या दाराशी फार जुनी आहे. हँडलोडिंग करणाऱ्यासाठी तबेल्याच्या या गोष्टीचा अर्थ सरळ आहे. डाय पितळेला आकार देते आणि सोबत ताणही देते. दर वेळी पुंगळी फुगते, दर वेळी डाय तिला दाबते, आणि जितकी हालचाल जास्त तितकं पितळ लवकर ताठर होतं, थकतं.

लाँड्रीतला कारखाना

एव्हाना धूर न करणारी नवी दारू आली होती. तिचा दाब खूप जास्त, त्यामुळे पुंगळ्या बाटलीच्या आकाराच्या झाल्या: रुंद अंग, मग उतरता खांदा, मग अरुंद मान. चेंबरमध्ये काडतूस किती आत जाईल, हे बहुतेक रायफलींमध्ये आता खांदा ठरवू लागला.

आणि कारखाने वाढले, तशी कोणत्याही कंपनीचं काडतूस कोणत्याही कंपनीच्या रायफलमध्ये चालावं ही गरज निर्माण झाली. १९२६ साली अमेरिकन सरकारच्या सांगण्यावरून शस्त्रं आणि दारूगोळा बनवणाऱ्या कंपन्यांची ‘सामी’ ही संस्था उभी राहिली. मापांची प्रमाणं आजही ती ठरवते. १९५२ साली विंचेस्टरने आणलेल्या .३०८ काडतुसाचं उदाहरण घ्या. बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरच्या ठरलेल्या रेषेपर्यंत चेंबरची लांबी १.६३० ते १.६४० इंचांत हवी. काडतुसाची तीच लांबी १.६२७ ते १.६३४ इंचांत हवी. म्हणजे सगळं नियमात असूनही सर्वांत लांब चेंबरात सर्वांत आखूड काडतूस पडलं तर ०.०१३ इंच, साधारण एक तृतीयांश मिलिमीटर मोकळीक राहते. आमच्या भाषेत याला टॉलरन्स म्हणतात. त्याच्याविना जगात कोणतीच दोन यंत्रं एकमेकांशी बोलू शकणार नाहीत.

पण डाय बनवणाऱ्याची यात पंचाईत होते. त्याच्या डायमधून निघालेली पुंगळी कोणत्याही गिऱ्हाइकाच्या रायफलमध्ये गेली पाहिजे. मग तो डाय सर्वांत लहान चेंबर डोळ्यांपुढे ठेवून बनवतो. तुमची रायफल मोठ्या चेंबरची निघाली तर ती डाय तुमची पुंगळी गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबते. पुढच्या वेळी ती पुन्हा तेवढीच ताणली जाते. असं पाच-सहा वेळा झालं की बुडाच्या थोडं वर पितळ पातळ होतं, तिथे चकचकीत कडं दिसू लागतं आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात. ही फक्त अचूकतेची गोष्ट नाही. तिथून सुटलेला गॅस माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

अशा काळात, १९४३ साली, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन नावाचा माणूस आपल्या घरच्या लाँड्रीच्या धंद्यातच डाय बनवू लागला. युद्धामुळे बाजारात शिकारीच्या गोळ्या मिळत नव्हत्या, म्हणून त्याने .२२ च्या टाकाऊ पुंगळ्यांपासून गोळीचं कवच दाबून काढणारी डाय केली. ‘रॉक चक’ नावाच्या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या होत्या, त्यावरून ‘रॉक चक बुलेट स्वेज’, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून ‘आरसीबीएस’. पुढे ही कंपनी हँडलोडिंगच्या प्रेस आणि डाय यांसाठीच ओळखली गेली. या व्यवसायातल्या बहुतेक डाय आज बाहेरून एकाच मापाच्या असतात: व्यास सात-अष्टमांश इंच आणि इंचाला १४ आटे. कोणाचीही डाय कोणाच्याही प्रेसमध्ये बसते. बाहेरचं माप सगळ्यांचं एक, त्यामुळेच आतल्या मापावर वाट्टेल ते प्रयोग करायला शेकडो कारागीर मोकळे झाले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला चांगला इंटरफेस म्हणतो, तो हाच.

मानेपुरतं

युद्धानंतर अमेरिकेत बेंचरेस्ट हा खेळ वाढला. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यावर रायफल, समोर शंभर यार्डांवर कागद, आणि पाच गोळ्या शक्यतो एकाच भोकातून. शुट्झेनवाल्यांची जुनी अक्कल इथे नव्याने आली. पुंगळी आपल्याच चेंबरच्या मापाची झालेली आहे, मग तिला पुन्हा का चिरडायचं? मानेपुरती दाबा, अंग आणि खांदा जसाच्या तसा ठेवा. काडतूस चेंबरमध्ये हातमोज्यात हात जावा तसं बसेल, मधोमध राहील, गोळी सरळ जाईल. पितळही जास्त टिकेल. रिचर्ड ली याचं हातोडीने ठोकायचं छोटं, स्वस्त किट याच तत्त्वावर चाले आणि त्यामुळे हा विचार साध्या छंदिष्टांच्या घरोघरी पोचला.

विचार इतका सुटसुटीत होता की तो अनेक दशकं जवळजवळ धर्मासारखा पाळला गेला. ज्याला अचूकता हवी तो मानेची डाय घेणार, ज्याला जंगलात अडचण नको तो पूर्ण अंगाची घेणार, असं समीकरणच बसलं.

त्याला तडा गेला तो त्याच बेंचरेस्टच्या टेबलावर. १९७५ साली लू पाल्मिसानो हा शल्यचिकित्सक आणि फेरिस पिंडेल हा डाय-कारागीर, या दोघांनी .२२० रशियन या काडतुसापासून ६ मिमी पीपीसी हे आखूड, जाड काडतूस तयार केलं. थोड्याच वर्षांत बेंचरेस्टवर त्याचंच राज्य आलं. पण नेमबाज त्याच्यात दारूचा दाब खूप चढवत. मानेपुरती दाबलेली पुंगळी दोन-चार वेळा झाडली की अंगाने पूर्ण फुगून चेंबरमध्ये आवळून बसू लागे. बोल्ट उघडायला जोर लागे. जोर लागला की पिशव्यांवरची रायफल हले. वारा बदलायच्या आत पाच गोळ्या सोडायच्या, तर प्रत्येक वेळी रायफल पुन्हा जागेवर आणावी लागे.

आणखी एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची होती. पहिल्यांदा वापरलेली पुंगळी सैल, तिसऱ्यांदा वापरलेली बेताची, पाचव्यांदा वापरलेली आवळ. ज्या नेमकेपणासाठी मानेची डाय घेतली, त्या नेमकेपणाने प्रत्येक पुंगळी वेगळी होत चालली होती. ‘माझ्या रायफलच्या मापाची’ हे खरं, पण कितव्या वेळच्या मापाची?

हळूहळू स्पर्धक पूर्ण अंगाच्या डायकडे वळले. मात्र दुकानातल्या, सर्वांत लहान चेंबर धरून केलेल्या डायकडे नव्हे. त्यांनी दोन-तीनदा झाडलेल्या पुंगळ्या कारागिराकडे पाठवल्या आणि त्यांच्यापेक्षा केसभरच लहान डाय करून घेतल्या. दर वेळी, प्रत्येक पुंगळी, तेवढीच थोडी. गेल्या काही दशकांत हे इतकं रुळलं की आज अव्वल बेंचरेस्ट नेमबाजांत फक्त मान दाबणारे कमीच सापडतात.

मग डाय कोणती?

या सगळ्या इतिहासाचा अर्क म्हणजे आजचे अनुभवी हँडलोडर डाय निवडताना स्वतःला जे प्रश्न विचारतात ते.

पहिला प्रश्न खांद्याचा. आपल्या रायफलमधून झाडलेल्या पुंगळीची खांद्यापर्यंतची लांबी मोजायची आणि डाय प्रेसमध्ये अशी बसवायची की खांदा ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जाईल. हे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर झालं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बोल्ट सहज मिटावा एवढंच. डाय विकत घेताना डब्यात येणारी सूचना सहसा सांगते की ती तळाला टेकेपर्यंत फिरवा. ती सूचना सगळ्यांच्या रायफलसाठी लिहिलेली असते.

दुसरा प्रश्न मानेचा. साधी डाय मान आधी खूप आवळते आणि मग आतून एक गोल मणी ओढून ती पुन्हा रुंद करते. म्हणजे पितळ दोनदा हललं, आणि बाहेर येताना तो मणी मान एका बाजूला ओढून वाकडीही करू शकतो. डॉ. मानच्या तिरक्या गोळीची आठवण इथे व्हावी. यावर उत्तर म्हणून बुशिंगची डाय आली. तिच्यात मान दाबणारं कडं बदलता येतं. गोळी बसवलेल्या काडतुसाच्या मानेचा व्यास मोजायचा, त्यातून दोनेक हजारांश इंच वजा करायचे आणि त्या मापाचं कडं टाकायचं. पण इथेही मेख आहे: मानेचं पितळ सगळीकडे सारखं जाड नसेल तर बाहेरून दाबणारं कडं ती असमानता आत ढकलतं, जिथे गोळी बसायची असते. म्हणून बुशिंग वापरणारे आधी मान बाहेरून तासून घेतात किंवा शेवटी आतून सरळ दांडा फिरवतात. रिचर्ड लीने काढलेली कॉलेट डाय तिसरीच वाट धरते. ती मान मधल्या दांड्यावर चारी बाजूंनी चिमटीत धरून दाबते, ओढाताण करत नाही.

तिसरा प्रश्न गोळी बसवणाऱ्या डायचा. गोळी आत ढकलली जाण्याआधीच पुंगळी आणि गोळी एका रेषेत धरणारी बाही तिच्यात असली, तर निम्मं काम झालं. वर मायक्रोमीटर असणं ही सोय आहे. सरळपणा बाहीतून येतो.

तिन्ही उत्तरांत एकच हिशेब दिसेल: पितळ कमीत कमी हलवा, आणि दर वेळी सारखंच हलवा. मानेपुरतं दाबणाऱ्यांनी यातला पहिला अर्धा भाग पकडला होता, दुसरा निसटला.

तीन गोळ्यांचा पुरावा

तो इतका काळ का निसटला असावा? याचं एक उत्तर मला माझ्या लॅपटॉपवर सापडलं. मी पायथनमध्ये दहा-पंधरा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. एक काल्पनिक रायफल, गोळ्या नेमाच्या भोवती ठरावीक विखुरणीने पडणार, काहीही न बदलता. तिच्यातून तीन-तीन गोळ्यांचे दहा गट ‘झाडले’ आणि प्रत्येक गटातल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर मोजलं. हे पुन्हा पुन्हा केलं. सर्वांत मोठा गट सर्वांत लहान गटाच्या तिपटीच्या आसपास सहज जातो. तीच रायफल, तीच डाय, तेच सगळं.

आता कल्पना करा, एखाद्याने नवी डाय घेतली, शनिवारी तीन गोळ्या झाडल्या आणि गट निम्म्यावर आला. तो शपथेवर सांगेल की डायने कमाल केली. आमच्याकडेही वेबसाइटवरच्या बटणाचा रंग बदलून दोन दिवसांचे आकडे दाखवणारे असतात. आकडे खोटे नसतात, थोडे असतात.

बेंचरेस्टवाल्यांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या स्पर्धेत विजेता एका गटावर ठरत नाही. पाच-पाच गोळ्यांच्या पाच गटांची सरासरी काढतात. एका गटाच्या विक्रमाला मान आहे, पण तो वेगळा. १९७३ साली मॅक मॅकमिलनने शंभर यार्डांवर पाच गोळ्या ०.००९ इंचाच्या गटात घातल्या. पाच गोळ्यांच्या केंद्रांमध्ये जास्तीत जास्त पाव मिलिमीटरही अंतर नाही. तो विक्रम मोडायला २०१३ साल उजाडलं, माइक स्टिनेटने ०.००७७ इंच केला. या चाळीस वर्षांत नळ्या, गोळ्या, दुर्बिणी, डाय, सगळं सुधारलं. तरी एका गटाचा आकडा जेमतेम हलला. सुधारणा दिसली ती सरासरीत, कारण नशीब सरासरीत फार काळ टिकत नाही.

ज्यांना डायचा पर्यायच नाही, ते नेमबाज काय करतात हेही बघण्यासारखं आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. हा प्रकार .२२ चा, जिचं काडतूस हाताने भरता येत नाही. म्हणून या पातळीवरचे नेमबाज उलट बाजूने जातात. आपली नळी शिकंज्यात बसवून ते कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं एकामागून एक झाडून बघतात, आणि जो लॉट त्या एका नळीला मानवतो तो खरेदी करतात. माप बदलता येत नाही, तर हजारो प्रमाण मापांतून आपलं शोधायचं. तिथेही तीन गोळ्यांवर कोणी निर्णय घेत नाही.

प्रमाण माप वाईट नसतं. ते नसतं तर आरसीबीएसची डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसली नसती आणि दुकानातलं काडतूस रायफलमध्ये गेलं नसतं. पण ते सरासरी माणसासाठी काढलेलं असतं, आणि तुमच्या हातातली रायफल सरासरी नाही, ती एकच आहे. तिच्या मापाची डाय हवी असेल तर आधी तिचं माप घ्यावं लागेल: झाडलेली पुंगळी, एक कॅलिपर, आणि तीनपेक्षा बऱ्याच जास्त गोळ्या.